संगणकाच्या मदतीने जुन्या समाजांचा अभ्यास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या मानवी वस्त्या, त्यांची शेती, पाणी आणि हवामान यांचा बराचसा अभ्यास आता संगणकावर होतो. विद्यार्थी, इतिहासाची आवड असलेले वाचक आणि कधीकधी खुद्द उत्खनन करणारेही त्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, काही चार ओळींत आटोपली आहेत.

यात संगणक नेमके करतो काय?

ढोबळमानाने तीन कामे. उपग्रह आणि विमानांच्या प्रतिमांमधून जुन्या जागा हुडकणे, हे एक. तारखा, नकाशे, खापरे, परागकण अशा ढिगाने जमलेल्या माहितीची सुसंगत मांडणी करणे, हे दुसरे. आणि तिसरे म्हणजे ‘समजा असे घडले असते, तर जमिनीत काय उरले असते?’ हे करून पाहणे.

माझ्या मते खरा फायदा या तिसऱ्या कामात आहे. ‘दुष्काळ पडला आणि लोक गाव सोडून गेले’ हे वाक्य लिहायला सोपे आहे. संगणकाला मात्र ते पुरत नाही. पाऊस किती घटला म्हणजे दुष्काळ म्हणायचा? एका कुटुंबाला वर्षाला धान्य किती लागायचे? साठवलेले धान्य किती दिवस टिकायचे? आधी कोण निघाले, गरीब की सधन? हे सगळे आकड्यांत सांगावे लागते. सांगायला बसले की कळते, यातले निम्मे आपण गृहीत धरून चाललो होतो.

हे सगळे अलीकडचे आहे ना?

यंत्र अलीकडचे आहे, पद्धत जुनी आहे. ब्रिटिश उत्खननकार फ्लिंडर्स पेट्री यांच्यापुढे इजिप्तमधल्या राजवंशपूर्व काळातल्या शेकडो कबरी होत्या आणि तारीख सांगणारा एकही लेख नव्हता. त्यांनी सुमारे ९०० कबरींसाठी प्रत्येकी एक पट्टी केली, कबरीत सापडलेल्या भांड्यांचे प्रकार तिच्यावर नोंदवले आणि सारखी भांडी असलेल्या पट्ट्या जवळजवळ येतील अशा त्या लावत नेल्या. एका प्रकारच्या रांजणाला सुरुवातीला धरायला नागमोडी मुठी होत्या. पुढे त्या आखडत गेल्या आणि शेवटी भांड्यावर नुसती नागमोडी रेघ उरली. या धाग्याने कबरींचा आधी-नंतरचा क्रम लागला. हे काम १८९९ मध्ये प्रसिद्ध झाले. आज संगणक हीच क्रमवारी मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा तक्ता, मांडून क्षणात लावतो, पण डोके तेच आहे.

१९५१ मध्ये ब्रेनर्ड आणि रॉबिन्सन यांनी या साम्याला गणिती सूत्र दिले. पुरातत्त्वातल्या संगणकवापराला वाहिलेली सीएए ही परिषद १९७३ पासून भरते आहे. तेव्हा पंच केलेली कार्डे घेऊन विद्यापीठाच्या संगणकासमोर रांग लावावी लागे.

कार्बन कालमापनात संगणक कुठे येतो? प्रयोगशाळा तारीख देतेच की.

प्रयोगशाळा तारीख देत नाही. ती मोजमाप देते. लोक सर्वाधिक फसतात ते इथेच, म्हणून जरा सविस्तर.

विलर्ड लिबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये ही पद्धत सिद्ध केली. १९६० मध्ये लिबींना त्यासाठी नोबेल मिळाले. सजीव मेला की त्याच्या शरीरातला कार्बन-१४ कमी होऊ लागतो आणि सुमारे ५,७३० वर्षांत निम्म्यावर येतो. किती उरला हे मोजले की वय निघावे. अडचण अशी की हवेतले कार्बन-१४ चे प्रमाण सर्व काळ सारखे नव्हते. सूर्याची सक्रियता आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र यांच्याबरोबर ते वरखाली होत राहिले. म्हणून मोजलेले ‘कार्बन-वर्ष’ एका वक्ररेषेवर ठेवून त्याचे कॅलेंडर वर्षात रूपांतर करावे लागते. वृक्षवलये, सरोवरांतल्या गाळाचे थर, गुहांतले चुनखडीचे स्तंभ यांवरून ही वक्ररेषा बेतली आहे. उत्तर गोलार्धासाठी सध्याची रेषा २०२० ची असून ती सुमारे ५५,००० वर्षे मागे जाते.

ही रेषा सरळ उतरत नाही. ती कुठे वळसे घेते, कुठे जवळजवळ सपाट होते. इ.स.पू. ८०० ते ४०० हा असाच सपाट पट्टा. इ.स.पू. ७०० मध्ये तोडलेले लाकूड आणि इ.स.पू. ४५० मध्ये तोडलेले लाकूड प्रयोगशाळेत जवळपास सारखेच वय दाखवतात. यंत्र कितीही महाग असो, नुसत्या एका नमुन्यावरून हा गुंता सुटत नाही.

इथे बेझची संख्याशास्त्रीय पद्धत, म्हणजे आधी माहीत असलेली गोष्ट गणितात धरून शक्यता काढणे, कामाला येते. उत्खननात खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, हे आपल्याला माहीत असते. ऑक्सकॅलसारख्या प्रणालीला हा क्रम सांगितला की ती प्रत्येक तारखेच्या शक्यता या क्रमात बसतात का ते तपासते आणि न बसणाऱ्या गाळून टाकते. तीन-चारशे वर्षांची धूसर मर्यादा मग काही दशकांवर येते. इंग्लंडमधली नवाश्मयुगीन लांब दफनटेकाडे शतकानुशतके वापरात होती असा समज होता. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा विश्लेषणाने तो पार बदलला. इ.स.पू. ३७ व्या शतकात बांधलेल्या वेस्ट केनेटच्या टेकाडात मृतदेह ठेवण्याचा पहिला टप्पा बहुधा १० ते ३० वर्षांतच संपला होता. म्हणजे ज्यांना तिथे ठेवले ते एकमेकांना ओळखत असणार. नावगाव नसलेल्या पूर्वजांच्या जागी एकदम घरची माणसे दिसू लागतात.

अहवालात तारखेपुढे ‘± ३०’ असते, म्हणजे खरे उत्तर त्या ६० वर्षांत आहे असे धरायचे का?

नाही. तो आकडा फक्त मोजमापातल्या अनिश्चिततेचा आहे आणि तोही साधारण ६८ टक्के खात्रीचा. कॅलेंडर वर्षात रूपांतर केल्यावर पल्ला बहुधा वाढतो, कधी दोन तुकड्यांत विभागतो. शिवाय ‘आजपासून मागे’ मोजताना ‘आज’ म्हणजे १९५० हेही ध्यानात ठेवा. आणि नमुना कशाचा आहे ते आधी पाहा. जुन्या झाडाच्या गाभ्याचा कोळसा ते झाड तोडण्याच्या कितीतरी आधीची तारीख देतो. चुलीतला जळका दाणा बरा, कारण तो एका हंगामाचा असतो.

आकाशातून जुनी गावे दिसतात म्हणजे कशी?

माणसे एके जागी पिढ्यानपिढ्या राहिली की माती बदलते. पडलेल्या मातीच्या विटा, राख, शेण, खरकटे यांनी तिचा रंग आणि पोत वेगळा होतो, ती पाणी वेगळ्या तऱ्हेने धरते. उपग्रह हा फरक अवरक्तासारख्या डोळ्यांना न दिसणाऱ्या पट्ट्यांतही नोंदवतो. बियोर्न मेन्झे आणि जेसन उर यांनी ईशान्य सीरियातल्या खाबूर खोऱ्यात सुमारे २३,००० चौरस किलोमीटरवर या पद्धतीने १४,००० च्या आसपास वस्तीच्या जागा नोंदवल्या. हे काम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. एवढा मुलूख पायी तुडवायचा तर एका माणसाचे आयुष्य पुरले नसते.

जुनी छायाचित्रेही सोन्याच्या मोलाची आहेत. अमेरिकेच्या कोरोना हेरगिरी उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात काढलेल्या प्रतिमा १९९५ मध्ये खुल्या झाल्या. त्यानंतर धरणांखाली गेलेल्या, ट्रॅक्टरने सपाट झालेल्या, शहरांनी गिळलेल्या किती जागा त्यांत शाबूत दिसतात! काही भागांत पुरातत्त्वाचा तेवढाच पुरावा उरला आहे.

घनदाट जंगलात उपग्रहाचे चालत नाही. तिथे लायडार लागते. विमानातून लेझरचे असंख्य ठोके खाली सोडतात. बहुतेक पानांवर आपटून परततात, थोडे फटींतून जमिनीपर्यंत पोचतात. संगणक जमिनीवरचे बिंदू तेवढे वेगळे काढतो आणि जंगल वगळून उघडा भूभाग उभा करतो. ग्वाटेमालाच्या उत्तर भागात २,१४४ चौरस किलोमीटरच्या अशा सर्वेक्षणात ६१,००० हून अधिक माया बांधकामे मोजली गेली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने माया सखल प्रदेशाच्या मध्यभागाची इ.स. ६५० ते ८०० मधली लोकसंख्या ७० लाख ते १ कोटी १० लाख अशी अंदाजली. अंदाजाचा पल्लाच केवढा आहे, ते पाहा. घरे मोजता येतात. एकाच वेळी त्यांतली किती नांदती होती आणि एका घरात माणसे किती, हे लेझर सांगत नाही.

लायडारची प्रतिमा पाहताना आणखी एक. छाया-प्रकाश दाखवणारा नकाशा बनवताना प्रकाश एका दिशेने टाकतात. त्या दिशेला समांतर असलेली भिंत त्यात जवळजवळ नाहीशी होते. म्हणून प्रत्येक ठिकाणाहून आकाशाचा किती भाग दिसतो, यावर आधारलेली प्रतिमा सोबत बनवतात. तिच्यात खड्डे काळसर आणि उंचवटे उजळ दिसतात, दिशा कोणतीही असो. एकाच प्रतिमेवरून ‘इथे काही नाही’ असे कुणी म्हणाले तर दुसरी मागा.

मग एआय आता आपोआप पुरातत्त्वीय जागा शोधतो का?

‘आपोआप’ हा शब्द काढून टाका, बाकी ठीक आहे. पेरूमधल्या नाझकाच्या पठारावरचे उदाहरण घ्या. यामागाता विद्यापीठाच्या संशोधकांनी आयबीएमच्या मदतीने हवाई छायाचित्रांवर मॉडेल चालवले आणि सहा महिन्यांच्या क्षेत्रकामात ३०३ नवी आकृतिबद्ध भूचित्रे, म्हणजे जमिनीवर रेखलेली प्रचंड चित्रे, निश्चित केली. त्याआधी अशी ४३० माहीत होती. २०२४ मध्ये ही बातमी जगभर ‘एआयने शोधली’ म्हणून गेली. पण मॉडेलने सुचवलेल्या सरासरी ३६ जागा माणसांनी डोळ्यांखालून घातल्या तेव्हा त्यांतली एक पुढे तपासण्याजोगी निघाली, आणि मग कुणीतरी त्या वाळवंटात पायी जाऊन पाहिले. हे सगळे बातमीच्या मथळ्यात मावत नाही.

तरीही हा सौदा फायद्याचाच आहे. पसरट, पुसट चित्रे माणसाच्या नजरेतून निसटतात. यंत्र कंटाळत नाही. मात्र यंत्र शिकते ते आपण दिलेल्या नमुन्यांवरून. शिकवताना फक्त मोठी टेकाडे दाखवली, तर ते मोठी टेकाडेच आणून देईल. मेंढपाळांचे हंगामी तळ, विरळ वस्त्या, मातीत मिसळून गेलेली झोपडी यांचा माग त्याला लागणार नाही. मग नकाशावर राजधान्याच राजधान्या आणि मधे मोकळे रान. ते रान खरेच मोकळे होते की आपल्याला दिसले नाही, हा फरक नकाशा दाखवत नाही.

जुने हवामान आणि जुनी झाडी कशी कळते?

मुख्य साक्षीदार म्हणजे वृक्षवलये, गुहांतले चुनखडीचे स्तंभ, बर्फाचे गाभे आणि सरोवरांच्या तळाचा गाळ. वृक्षवलये सर्वांत काटेकोर, कारण ती वर्षावर्षाचा हिशेब देतात. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात १२७६ ते १२९९ चा मोठा दुष्काळ त्यांनीच दाखवला.

परागकण जरा लबाड साक्षीदार आहेत. पाइनचे झाड परागकण अमाप सोडते आणि ते वाऱ्यावर लांबवर जातात. गहू बहुतांशी स्वपरागित. त्याचे परागकण थोडे, जड आणि शेतातच राहणारे. त्यामुळे सरोवराच्या गाळात पाइन ४० टक्के आणि गहू जेमतेम एक टक्का दिसला, तर प्रत्यक्षात काठावर शेतेच शेते असू शकतात. शिन्या सुगिता यांनी २००७ मध्ये मांडलेले प्रतिमान प्रत्येक वनस्पतीची परागकण-निर्मिती आणि ते उडण्याचे अंतर धरून ही टक्केवारी दुरुस्त करते. युरोपात अशा दुरुस्तीनंतर मोकळ्या जमिनीचे प्रमाण कच्च्या आकड्यांपेक्षा बरेच वाढते. माणसाने जंगल किती तोडले याचा अंदाज त्याने बदलतो, आणि जुन्या हवामानाच्या गणितात जमिनीवर काय होते हे घालावे लागत असल्याने तेही बदलते.

अमुक संस्कृती हवामानबदलाने बुडाली, असे आता सिद्ध झाले आहे का?

असे वाक्य दिसले की दोन तारखा तपासायच्या: दुष्काळाची आणि ऱ्हासाची. सरोवराच्या गाळातला कोरडा थर ‘इ.स.पू. २२०० च्या आसपास’, शहर ओस पडले तेही ‘इ.स.पू. २२०० च्या आसपास’. दोन्हींत शे-पाऊणशे वर्षांचे ढिलेपण. आधी कोण आले? शहर ओस पडल्यावर दुष्काळ पडला असेल तर? वृक्षवलयांचे अभ्यासक माइक बेली यांनी हा धोका फार पूर्वीच दाखवला होता. नेमकी तारीख असलेली एक ठळक घटना आजूबाजूच्या धूसर तारखांना स्वतःकडे ओढून घेते आणि पाहता पाहता सगळे ‘एकाच वेळी’ घडल्यासारखे दिसते.

दुसरे, दुष्काळ पडणे आणि समाज मोडणे यांच्यामध्ये माणसांनी उभारलेली व्यवस्था असते. कंबोडियातले जुने राजधानीचे शहर अंगकोर हे त्याचे चांगले उदाहरण. व्हिएतनामच्या डोंगरांतल्या झाडांच्या वलयांवरून कळते की चौदाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे दशकानुदशके कोरडी गेली, मधेच अतिवृष्टीची वर्षे आली आणि पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा दुष्काळ पडला. अंगकोरचे कालवे, बंधारे, जलाशय यांचे जाळे शतकानुशतके वाढवत नेलेले. २०१८ मध्ये संशोधकांनी ते जाळे संगणकावर उभारून त्यात पूर सोडला. पाण्याने काही कालवे खरवडून रुंद केले, त्यांत आणखी पाणी वळले, बाकीचे गाळाने भरले आणि बिघाड जाळ्यात पुढे सरकत गेला. इतके पसरलेले आणि एकमेकांत गुंतलेले जाळे नसते, तर त्याच पावसाने एवढी हानी केली नसती. मग दोष पावसाचा म्हणायचा की जाळ्याचा?

कधी आकडेमोड जुनी गोष्टच मोडून काढते. रापा नुई, म्हणजे ईस्टर बेटावर लोकसंख्या बेसुमार वाढली, झाडे संपली आणि समाज कोसळला, ही कथा शाळेपर्यंत पोचली. ‘बेसुमार’ला आधार होता तो दगड पसरून केलेल्या शेतांच्या क्षेत्रफळाचा; जुने अंदाज ४ ते २१ चौरस किलोमीटरपर्यंत जात. २०२४ मध्ये उपग्रहाच्या लघुतरंग अवरक्त प्रतिमांवर मशीन लर्निंग चालवून हे क्षेत्र पुन्हा मोजले, तर ते एक चौरस किलोमीटरही भरले नाही. तेवढ्यात सुमारे ३,००० माणसे निभावतील. त्याच वर्षी बेटावरच्या १५ पूर्वजांच्या डीएनएच्या अभ्यासातही सतराव्या शतकात लोकसंख्या कोसळल्याची खूण मिळाली नाही. जुन्या मोजणीत रस्ते, खडकाळ माळ आणि हिरवळही शेत म्हणून धरली गेली होती.

संगणकावर ‘गाव वसवतात’ म्हणजे काय करतात?

याला एजंट-आधारित मॉडेल म्हणतात; एजंट म्हणजे ठरवून दिलेल्या नियमांनी स्वतः निर्णय घेणारे आभासी माणूस किंवा कुटुंब. सर्वांत गाजलेले ॲरिझोनातल्या लाँग हाउस दरीचे. नाव ‘आर्टिफिशियल अनासाझी’, मुख्य शोधनिबंध २००२ चा. प्युब्लो या तिथल्या मूळनिवासी लोकांचे पूर्वज तिथे राहत आणि इ.स. १३०० च्या सुमारास दरी रिकामी झाली.

मॉडेलमध्ये दरीचा नकाशा चौकोनी तुकड्यांत विभागलेला असतो. प्रत्येक तुकड्यात दर वर्षी मका किती पिकेल, हे वृक्षवलयांवरून काढलेल्या ओलाव्यावरून ठरते. एक कुटुंब पाच माणसांचे, माणशी वर्षाला १६० किलो मका. संगणक इ.स. ८०० पासून सुरुवात करतो. दर वर्षी प्रत्येक कुटुंब पीक काढते, कणगीत पाहते, पुढच्या वर्षाला पुरेल का याचा अंदाज बांधते. पुरणार नसेल तर दुसरा तुकडा शोधते. मिळाला तर तिथे शेत आणि जवळ पाणी बघून घर करते, नाही मिळाला तर दरी सोडून जाते. मुले मोठी होऊन वेगळी चूल मांडतात. साठवलेला मका दोन वर्षांपलीकडे टिकत नाही. असे करत १३५० पर्यंत यायचे आणि पडद्यावरची घरे प्रत्यक्ष उत्खननातल्या घरांशी ताडून पाहायची.

लोकसंख्येचा चढउतार बराच जुळला. जुळला नाही तो शेवट. मॉडेलमध्ये १३०० नंतरही काही कुटुंबे तग धरून राहतात. जमीन त्यांना पोसू शकत होती, तरी खरी माणसे गेली. म्हणजे निघून जाण्यामागे पावसापलीकडचे काही होते: कदाचित नातेवाईक गेले, विधी करायला पुरेशी माणसे उरली नाहीत, भीती वाटू लागली. हे मॉडेलने सांगितले नाही. पाऊस एकटा पुरत नाही, एवढे मात्र त्याने दाखवले; आणि तेवढे दाखवण्यासाठी त्याचे चुकणे उपयोगी पडले.

मॉडेल जुळले म्हणजे तसेच घडले असेल?

नाही. वेगवेगळ्या कारणांनी जमिनीत सारखेच अवशेष उरू शकतात. वरच्याच मॉडेलचे पाहा. मार्को यान्सन यांनी २००९ मध्ये ते नव्याने उभारून तपासले, तेव्हा दिसले की आकडे जुळण्याचे बरेचसे श्रेय जमिनीची पोषणक्षमता ठरवणाऱ्या दोन-तीन आकड्यांना जाते. कुटुंबांच्या निर्णयांच्या बारीक नियमांचा त्यात वाटा थोडा. म्हणून चांगला अभ्यासक एकच मॉडेल चालवत नाही. तो प्रतिस्पर्धी गृहीतकांची मॉडेल्स शेकडो वेळा चालवतो आणि कोणते पुराव्याशी मुळीच जुळू शकत नाही ते पाहतो. बाद करणे हे सिद्ध करण्यापेक्षा भरवशाचे काम आहे.

नुसत्या कार्बन तारखांवरून लोकसंख्या काढता येते का?

काढतात. जितकी माणसे जास्त, तितक्या चुली जास्त, तितका कोळसा जास्त, तितक्या तारखा जास्त, असा तर्क. हजारो तारखांच्या शक्यता एकावर एक रचून आलेख करतात. युरोपात शेती आल्यावर लोकसंख्या झपाट्याने वाढून नंतर खाली आल्याचे चित्र २०१३ मध्ये याच मार्गाने पुढे आले.

पण या आलेखाचे शिखर कशाचेही असू शकते. महामार्गाच्या कामाआधी उत्खननाला निधी मिळाला त्या पट्ट्यात तारखा जास्त. जुने अवशेष कुजतात, वाहून जातात, म्हणून मागे जावे तसा आलेख आपोआप उतरतो. वक्ररेषेच्या वळशांमुळे खोटी शिखरे उगवतात. यावर उपाय म्हणजे ‘लोकसंख्येत काहीच विशेष घडले नाही’ असे धरून संगणकाकडून हजार खोटे आलेख काढून घ्यायचे आणि आपला आलेख त्यांच्या पट्ट्याबाहेर जातो तेवढ्याच ठिकाणी तोंड उघडायचे. हे न करता छापलेला आलेख मी तरी बाजूला ठेवतो.

नोंदच नसेल तर संगणक काय करतो?

तुम्ही सांगाल ते. आणि म्हणूनच हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

मार्च २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये एक शोधनिबंध आला. सेशात या ऐतिहासिक माहितीसंग्रहातल्या ४१४ समाजांची, दहा हजार वर्षांच्या पल्ल्याची माहिती वापरून त्यात म्हटले होते की माणसांच्या वागण्याचा न्यायनिवाडा करणाऱ्या देवांवरची श्रद्धा समाज मोठे आणि गुंतागुंतीचे झाल्यानंतर आली, आधी नव्हे. बातम्या झाल्या. मग इतर संशोधकांनी मूळ तक्ते उघडले. निम्म्याहून अधिक नोंदींत अशा देवांबद्दल ‘माहिती नाही’ होते आणि विश्लेषणात ते ‘नाही’ म्हणून शिरले होते. ‘आम्हाला ठाऊक नाही’चे ‘त्यांच्यात नव्हते’ झाले. आता लहान आणि लेखनकला नसलेल्या समाजांबद्दलच माहिती सर्वांत तुटपुंजी असणार. लिहिणारे आले की नोंद येणार आणि नोंदीबरोबर देवही येणार. रिकाम्या जागा वेगळ्या धरल्या की निष्कर्ष उलटत होता. २०२१ मध्ये निबंध मागे घेतला गेला. लेखकांनी नंतर सुधारित माहितीवर नवे विश्लेषण मांडले आणि आपला मुख्य मुद्दा टिकतो असे म्हटले. वाद चालू आहे.

यात कुणाचा अल्गोरिदम बिघडला नव्हता. तक्त्यातला एक रिकामा रकाना भरताना घेतलेला निर्णय होता तो. मूळ तक्ते खुले होते म्हणून सापडला, हेही तितकेच खरे.

जुने रस्ते संगणक कसे काढतो?

चढ-उताराचा नकाशा घेऊन ‘कमीत कमी कष्टाची वाट’ काढतात. वॉल्डो टोब्लर यांच्या १९९३ च्या सूत्रानुसार माणूस सपाटीवर ताशी सुमारे ५ किलोमीटर चालतो, तर दर शंभर मीटरला पाच मीटर असा सौम्य उतार असेल तेव्हा सर्वांत वेगाने, ताशी ६. स्टॅनफर्डच्या ऑर्बिस प्रकल्पाने २०१२ पासून रोमन साम्राज्यातला प्रवास असाच वेळ, ऋतू आणि खर्च धरून मांडला आहे. त्यात समुद्रमार्ग किती स्वस्त पडत ते लगेच ध्यानात येते. सूत्राला शत्रूचा मुलूख, जकात, तीर्थस्थान किंवा लादलेला बैल यांतले काही कळत नाही. ते तुम्हीच घालायचे.

सिंधू लिपी संगणकाने वाचता येईल का?

सध्याच्या सामग्रीवर कठीण. लेख सरासरी पाच चिन्हांचे, द्विभाषिक लेख एकही नाही, भाषा कोणती हेही ठरलेले नाही. इरावतम् महादेवन यांनी १९७७ मध्ये संगणकाच्या साह्याने चिन्हांची सूची प्रसिद्ध केली, ती आजही पाया आहे. राजेश राव आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की चिन्हांच्या क्रमातली अनिश्चितता भाषांच्या लेखनाशी मिळतीजुळती आहे; त्यावरून ती लिपीच आहे हे सिद्ध होत नाही, असा आक्षेप घेतला गेला. दर काही महिन्यांनी ‘उलगडा झाला’ अशी बातमी येते. वाचणाऱ्याला एक विचारा: तुमची पद्धत तुम्ही आधी न पाहिलेल्या मुद्रेवर कुणी तिसऱ्याने वापरली, तर तोच अर्थ निघतो का?

यावरून भविष्य सांगता येते का?

इतिहासाला गणिती मॉडेल लावणारे अभ्यासक पीटर टर्चिन यांनी २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिले होते की पुढचे दशक अमेरिका आणि पश्चिम युरोपसाठी वाढत्या अस्थैर्याचे ठरेल. बरोबर आले असे अनेकांना वाटते. एका बरोबर अंदाजावर पद्धत तोलता येत नाही, एवढेच मी म्हणेन.

शिकायला कुठून सुरुवात करावी? मोठा संगणक लागतो का?

साधा लॅपटॉप पुरतो; लायडारच्या फायलींना तेवढी जास्त मेमरी लागते. नकाशांसाठी क्यूजीआयएस, आकडेमोडीसाठी आर किंवा पायथन या प्रोग्रामिंग भाषा, एजंट-मॉडेलसाठी नेटलोगो हे सगळे फुकट मिळते. क्रम विचाराल तर आधी संख्याशास्त्र, मग आर, मग बाकीचे. आणि एक तरी हंगाम उत्खननात घालवा. थर ओळखताना जाणकारांतही वाद कसे होतात, खापरांच्या ढिगातून काय ठेवतात आणि काय टाकतात, हे पाहिलेला माणूस तक्त्यातल्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवत नाही.

सापडलेल्या जागांचे नकाशे सर्वांसाठी खुले का करत नाहीत?

चोरांसाठीही ते खुले होतात म्हणून. बऱ्याच संग्रहांत जागेचे अक्षांश-रेखांश मुद्दाम ढोबळ करून देतात. दुसरा प्रश्न हक्काचा. ज्या समाजाच्या पूर्वजांच्या कबरी किंवा पवित्र जागा तुम्ही विमानातून टिपता, त्यांची परवानगी घेतली का? मूळनिवासी समाजांच्या माहितीवरच्या अधिकारासाठी २०१९ मध्ये ‘केअर’ तत्त्वे मांडली गेली. खुलेपणा आणि ही तत्त्वे यांची काही ठिकाणी टक्कर होते, आणि तिथे दर वेळी बसून बोलून ठरवावे लागते.

एखादा निष्कर्ष स्वतः पडताळायचा असेल तर?

निबंधाच्या शेवटी डेटा आणि कोडचा पत्ता आहे का ते पाहा. एजंट-मॉडेल्स कॉम्सेस नेटच्या संग्रहात ठेवण्याची पद्धत आहे. लाँग हाउस दरीचे मॉडेलही तिथून उतरवून घेता येते. मक्याची माणशी गरज १६० वरून १८० किलो करा आणि दरी कधी रिकामी होते ते पाहा. कोड दिलेला नसेल तर लेखकांना पत्र लिहून मागा. बरेच जण देतात.